पिवळ्या दिव्याची तक्रार

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की माणसं दोन टोकांना जातात. काही जण गाडी तिथेच कडेला घेऊन टोचनवाल्याला फोन लावतात. काही जण सहा महिने तशीच चालवतात आणि शेजारी बसलेल्याने विचारलं तर ‘लागतो तो, काही होत नाही’ म्हणून विषय संपवतात. दोन्ही टोकं एकाच गैरसमजातून येतात: हा दिवा इंजिनाची तब्येत सांगतो, असा. तेलाचा दाब पडला तर त्याचा लाल दिवा वेगळा असतो, पाणी उकळायला लागलं तर त्याचाही वेगळा. पिवळा दिवा बसवायला लावला तो प्रदूषणाच्या कायद्याने, आणि त्याचं मुख्य लक्ष सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुरावर असतं. म्हणून गाडी लोण्यासारखी पळत असताना तो लागू शकतो, आणि आतलं बेअरिंग खडखडत असताना शांत राहू शकतो. एवढं ध्यानात धरलं की कारणांची लांबलचक यादी पाठ करायची गरज उरत नाही. हवा आत येते तिथपासून धूर बाहेर पडतो तिथपर्यंत चालत गेलं, तर जवळजवळ सगळी कारणं वाटेत भेटतात.

या दिव्याचं मूळ लॉस एंजेलिसमध्ये आहे. १९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं दाट धुरकं उतरलं. पुढे १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातली न जळलेली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात मिसळून ते तयार होतं. हेच हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. नवी गाडी कारखान्यातून स्वच्छ निघते, पण चार वर्षांनी ती कशी चालते हे कोण बघणार, असा प्रश्न त्या मंडळापुढे होता. उत्तर असं निघालं की गाडीनेच स्वतःवर पाळत ठेवावी आणि बिघाड झाला तर मालकाच्या डोळ्यांसमोर दिवा लावावा. कॅलिफोर्नियात १९८८च्या मॉडेलपासून या व्यवस्थेची, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सची (ओबीडी), पहिली आवृत्ती आली. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना दुसरी, ओबीडी-२, सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सापडतं ते सोळा पिनांचं सॉकेट त्याच वेळचं.

आपल्याकडे ही गोष्ट बीएस-४ (भारत स्टेज-४) या प्रदूषण-मानकांबरोबर आली. २०१०मध्ये मुंबई, पुणे आणि सोलापूरसह देशातल्या १३ शहरांत बीएस-४ लागू झालं, तेव्हाचा ओबीडी जेमतेम तार तुटली की जोडलेली आहे एवढंच बघायचा. २०१३पासून दुसरा टप्पा आला आणि मिसफायर, ऑक्सिजन सेन्सर, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या कामावर लक्ष ठेवणं सुरू झालं. १ एप्रिल २०२०च्या बीएस-६ने मर्यादा आणखी आवळल्या आणि दुचाक्यांनाही या व्यवस्थेत ओढलं. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीत दिवा क्वचित लागायचा, याचा अर्थ ती गाडी चांगली होती असा होत नाही. तिला कळतच कमी होतं.

दिवा लावण्याआधी गाडीचा संगणक बऱ्यापैकी सबुरी दाखवतो. बहुतेक दोष एकदा दिसला की तो मनात नोंद करून ठेवतो. पुढच्या एक-दोन फेऱ्यांत तोच दोष पुन्हा दिसला तरच दिवा लागतो. दोष गेला तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, पण दोषाचा कोड आठवणीत राहतो आणि इंजिन सुमारे ४० वेळा थंडाचं गरम झाल्यावरच पुसला जातो. दोष नोंदवताना गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, इंजिनावरचा भार हेही टिपून ठेवलेलं असतं. चांगला मेकॅनिक कोडच्या आधी ही नोंद वाचतो. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दिवा लागला की सिग्नलला उभं असताना, यावर अर्धं निदान ठरतं.

आता कारणं. पेट्रोल गाड्यांत सर्वांत जास्त भेटणारं, आणि दुर्लक्ष केलं तर सर्वांत महाग पडणारं कारण म्हणजे मिसफायर. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिस मारते’. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही किंवा इंधन नीट जळत नाही. संगणकाला हे कळतं ते क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकामुळे. प्रत्येक स्फोटागणिक क्रँक किंचित पुढे उसळतो, आणि एखादी उसळी चुकली की दातांमधलं अंतर कापायला सूक्ष्म वेळ जास्त लागतो. हा फरक इतका बारीक असतो की खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून उलट येणाऱ्या धक्क्यांनीही तो उमटू शकतो. म्हणून अनेक गाड्यांत रस्ता खराब आहे असं ओळखून ही तपासणी तेवढ्यापुरती थांबवण्याची सोय असते. आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती बिचारी किती वेळ थांबून राहत असेल, कोण जाणे.

मिसफायरचा कोड पी०३०० असेल तर कुठलाही सिलिंडर, आणि पी०३०१, पी०३०२ असं असेल तर शेवटचा आकडा त्या सिलिंडरचा. कारणं ठरलेली: झिजलेला प्लग, फुटलेली कॉइल, चोक झालेला इंजेक्टर. कॉइलवर संशय असेल तर एक जुनी, फुकटची तपासणी आहे. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवायची. कोड पी०३०३वरून पी०३०१वर गेला तर कॉइल दोषी, नाही गेला तर प्लग किंवा इंजेक्टर बघायचा. हे न करता चारही कॉइल बदलून देणाऱ्या गॅरेजमध्ये पुन्हा जाऊ नये.

मिसफायर वाढला की दिवा स्थिर राहत नाही, लुकलुकतो. या एका खुणेला मात्र ताबडतोब मान द्यायचा. न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. काही शे रुपयांच्या प्लगचा प्रश्न मग पाच आकडी होतो, कारण त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मुलामा असतो. लुकलुकता दिवा दिसला की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा, जोर न लावता गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि पुढे टोचन करून न्यावी. घरापर्यंत ‘सांभाळून’ नेण्यातच कन्व्हर्टर जातात.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर अजून वर्षभर चालला असता असा प्लग सीएनजीवर आधीच मिस मारू लागतो. गॅसमध्ये व्हॉल्व्हच्या सीटला थंड ठेवणारं, वंगणासारखं वागणारं काही नसतं, म्हणून सीट झिजणं हेही हळूहळू येणारं कारण. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत आणखी एक भानगड असते. गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, पण ते चालू आहेत असा खोटा संदेश संगणकाला द्यावा लागतो. तो देणारं यंत्र किंवा त्याचे जोड बिघडले की इंजेक्टरचा कोड येतो आणि इंजेक्टर मात्र धडधाकट निघतात. महिनोन् महिने पेट्रोलवर न चालवल्याने इंजेक्टर खरोखर चिकटतात, तेही होतं.

दुसरं मोठं घराणं हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हा आदर्श. तो पाळला जातो का हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर बॉशने १९७६मध्ये प्रथम व्होल्वोच्या गाड्यांत आणला. आज कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन असतात. पुढचा सांगेल तसं संगणक इंधन कमी-जास्त करत राहतो. ही दुरुस्ती साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेली की तो हात टेकतो आणि दिवा लावतो. पी०१७१, म्हणजे मिश्रण फार पातळ.

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. ऑक्सिजन सेन्सर ‘पातळ’ म्हणतो म्हणून सेन्सरच बदलला जातो, तेही मूळचा पार्ट महाग म्हणून बाजारातला. बहुतेक वेळा सेन्सर खरं बोलत असतो. हवा मागच्या दाराने येत असते: चिरलेली व्हॅक्यूमची नळी, सैल क्लिप, मॅनिफोल्डचं कडक झालेलं गॅस्केट. किंवा पेट्रोलच्या पंपाचा दाब कमी झालेला असतो. किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ आणि तेलाचा थर बसलेला असतो. कोड तक्रार सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. काउंटरवर कोड सांगून पार्ट मागणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची चर्चा इथेच करायला हवी, कारण पंपावर ते आल्यापासून लागलेला प्रत्येक पिवळा दिवा लोक त्याच्या नावावर टाकतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के इंधन जास्त द्यावं लागतं. धडधाकट गाडीचा संगणक एवढी दुरुस्ती सहज करतो आणि चालकाला कमी झालेल्या अ‍ॅव्हरेजखेरीज काही कळत नाही. पण ज्या जुन्या गाडीत नळी आधीच चिरलेली आहे किंवा पंप दमलेला आहे, तिची दुरुस्तीची शिल्लक आधीच संपत आलेली असते. ई२० तिला काठावरून ढकलतं. म्हणजे दोष जुना, निमित्त नवं. जुन्या रबराच्या नळ्या आणि सील यांच्यावर इथेनॉलचा परिणाम होतो आणि ते पाणी शोषून घेतं, हे प्रश्न खरे आहेत. पण टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या दिव्याशी त्यांचा संबंध लावताना जपून.

धुराच्या वाटेवर पुढे गेलं की कन्व्हर्टर. पी०४२० हा कोड म्हणतो की कन्व्हर्टरचं काम मर्यादेखाली गेलं. पुढच्या सेन्सरचा आकडा सारखा वर-खाली होत असतो. चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचा आकडा जवळजवळ स्थिर राहतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागला की संगणक समजतो, जाळी संपली. पण जोडातून धूर गळत असेल, किंवा मागचा सेन्सरच मंदावला असेल, तरी हाच कोड येतो. आणि कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. मिसफायर, तेल जाळणारं इंजिन, भेसळीचं पेट्रोल किंवा स्पीडब्रेकरचा खालून बसलेला दणका, यांपैकी कोणीतरी त्याला मारलेलं असतं. मारणारा सापडण्याआधी नवा बसवला तर तोही जातो.

थर्मोस्टॅटचा किस्सा खास आपल्याकडचा. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, हा जुन्या मिस्त्रींचा रामबाण उपाय अजूनही चालतो. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला तो खपून गेला. आताच्या इंजिनाला पाणी ठरलेल्या वेळात गरम झालेलं हवं असतं. नाही झालं तर संगणक इंजिन थंडच समजून जास्त इंधन पाजत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि पी०१२८ येतो.

मग पावसाळा. जूनमध्ये गॅरेजमध्ये येणाऱ्या पिवळ्या दिव्यांचं कारण शोधायला स्कॅनरइतकीच टॉर्च उपयोगी पडते. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली की कनेक्टरांत पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात आणि एकाच वेळी तीन-चार असंबद्ध कोड येतात. असंबद्ध कोडांची गर्दी दिसली की पार्ट सोडून तारांकडे आणि बॅटरीकडे वळावं. मरायला टेकलेली बॅटरी, सैल टर्मिनल, गंजलेली अर्थिंगची पट्टी यांनी सेन्सरांना मिळणारा पुरवठा डगमगतो. पाण्याच्या प्रेशरने बोनेटखाली धुऊन घ्यायची हौस हेही पावसाळ्यासारखंच कारण आहे, फक्त बारमाही.

आणि उंदीर. पाऊस सुरू झाला, बिळं भरली की उबदार, कोरडं इंजिन त्यांना आयतं मिळतं. ते तारांचं आवरण कुरतडतात, क्वचित पूर्ण तार तोडतात. अर्धवट कुरतडलेली तार सर्वांत वाईट, कारण ती कधी जोडते, कधी नाही. गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते आणि कात्रजच्या चढावर दिवा लागतो. डांबरगोळ्या, तंबाखूच्या पुड्या, बोनेट रात्री उघडं ठेवणं, असे सगळे उपाय लोक करतात. माझा भरवसा बारीक जाळीवर आणि गाडी आठवडाभर न हलवता उभी न ठेवण्यावर आहे. नुसती टेप गुंडाळून केलेली दुरुस्ती पुढच्या पावसात पुन्हा बोलते. तार नीट जोडून, वर नळी चढवून घ्यावी.

डिझेलचं जग बीएस-६नंतर पार बदललं. पूर्वी काळा धूर सोडून मोकळं व्हायचं. आता सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ बसलेला असतो, जो काजळी धरून ठेवतो आणि अधूनमधून सुमारे ६०० अंशांना ती जाळून टाकतो. जाळायला इंजिन बराच वेळ एका गतीने चालावं लागतं. हायवेवर वीसेक मिनिटं मिळाली की काम होतं. रोज दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडून परत येणाऱ्या डिझेल एसयूव्हीला ती मिनिटं कधीच मिळत नाहीत. जाळण्याची क्रिया सुरू होते, घर येतं, किल्ली बंद. असं पाच-दहा वेळा झालं की काजळी साठते, शिवाय त्या क्रियेसाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून त्याची पातळी वाढवतं. अनेक गाड्यांत आधी डीपीएफचा स्वतंत्र दिवा लागतो, आणि तेव्हाच हायवेवर एक फेरी मारली तर पुढचं टळतं. दुर्लक्ष केलं की चेक इंजिनचा दिवा येतो, पिकअप जातो आणि मग कंपनीच्या यंत्रावर जबरदस्तीची सफाई करावी लागते. शहरात कमी अंतर चालवणाऱ्याने डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विक्रेते हे क्वचितच सांगतात.

मोठ्या डिझेल गाड्यांत आणि ट्रकांत याच्या जोडीला डीईएफ असतं, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते धुरात फवारून नायट्रोजनची ऑक्साइड्स (नॉक्स) मोडली जातात. हे मिश्रण शुद्धच लागतं. शेताचा युरिया बादलीत कालवून पैसे वाचवण्याची शक्कल काही जण लढवतात, पण आपल्याकडच्या शेतीच्या युरियाला २०१५पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे आणि त्यात इतरही अशुद्धता असते. फवारा चोक होतो, पांढरे खडे बसतात, उत्प्रेरक खराब होतो, आणि नॉक्स सेन्सर ही चोरी पकडतो. मग दिव्यानंतर इंजिनाची ताकद कमी केली जाते किंवा पुन्हा चालू होऊ दिलं जात नाही. थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साचणारी काजळी हे डिझेलचं आणखी एक नेहमीचं कारण. साफ करून काम होतं, म्हणून थेट बदलण्याची घाई नको.

एक कारण मुद्दाम वेगळं काढतो, कारण इंटरनेटवर ते पहिल्या क्रमांकावर असतं: पेट्रोलच्या टाकीचं सैल झाकण. अमेरिकेत हे खरं आहे. तिथल्या नियमानुसार टाकीतून वाफ गळते का हे गाडीला तपासावं लागतं, आणि २०००च्या सुमारापासून अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राइतकी गळतीही पकडावी लागते. भारताने वाट धरली ती युरोपच्या नियमांची, आणि त्यांत या वाफेच्या व्यवस्थेची किमान तपासणी म्हणजे विजेची जोडणी शाबूत आहे एवढीच. त्यामुळे आपल्या रोजच्या गाडीत झाकण तीनदा फिरवून दिवा विझण्याची वाट बघणं बहुधा व्यर्थ. झाकण घट्ट लावावं ते पेट्रोल उडू नये म्हणून.

दिव्याच्या प्रामाणिकपणालाही एक मर्यादा आहे. तो कंपनीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो. २०१५मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं तेव्हा लाखो डिझेल गाड्या रस्त्यावर परवानगीपेक्षा कितीतरी पट जास्त नायट्रोजनची ऑक्साइड्स सोडत होत्या आणि एकाच्याही डॅशबोर्डवर त्याबद्दल दिवा नव्हता. पाळत ठेवणाराच फितूर होता. ते पकडलं गेलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी चालत्या गाडीच्या मागे यंत्र बांधून धूर मोजला तेव्हा. भारतात एप्रिल २०२३पासून बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची कसोटी आली, तिच्यामागे हा इतिहास आहे.

आपल्या पीयूसीचं आणि या दिव्याचं नातं मात्र अजून जुळलेलं नाही. कॅलिफोर्नियात २०००नंतरच्या पेट्रोल गाडीची धूर-तपासणी मुख्यतः त्या सोळा पिनांच्या सॉकेटमधूनच होते आणि दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. आपल्याकडे पंपाशेजारच्या टपरीत सायलेन्सरमध्ये नळी घालून उभ्या गाडीचा धूर मोजतात आणि डॅशबोर्डकडे सहसा कोणी बघत नाही. पिवळा दिवा लागलेल्या गाडीला हिरवं प्रमाणपत्र मिळतं, ते यामुळे.

स्वतः कोड वाचायला आता काही शे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलमधलं अ‍ॅप पुरतं. गॅरेजला जाण्याआधी कोड आणि त्यासोबतची नोंद टिपून घ्यावी, पण पुसू नये. पुसला की मेकॅनिकच्या हातचा पुरावा जातो. बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याचा सल्ला याच कारणाने वाईट आहे. दुचाकीवाल्यांना तर अनेकदा यंत्रही लागत नाही. इंधन इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत दिवाच लांब आणि आखूड लुकलुकून कोडचा आकडा सांगतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र विझलेल्या दिव्यावर जास्त संशय घ्यावा. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे, ती त्याची स्वतःची चाचणी असते. लागला नाही तर कोणीतरी त्याची व्यवस्था लावलेली आहे. लागला आणि इंजिन सुरू होताच विझला, तरी यंत्र लावून बघावं. कोड एकही नाही, पण तपासण्यांपुढे ‘अपूर्ण’ लिहिलेलं असेल, तर कोड बहुधा नुकतेच पुसले आहेत. विक्रेत्याला सांगावं की गाडी चार दिवस चालवून आणा, मग भावाचं बोलू.